खराब भिंगाचे सर

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून आत शिरणारा माणूस मी नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत एकच पाहिला. पहिल्या दिवशी वाटलं, नव्या सरांची चप्पल तुटली असेल. दुसऱ्या दिवशीही तुटलीच असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर अख्ख्या वर्गाच्या चपला दिसल्या, तेव्हा मात्र मी तरातरा आत गेलो.

"सर, हे देऊळ हाय का लॅब?"

"भाऊ, धूळ कशाला आत न्यायची?" ते शांतपणे म्हणाले. "आन् अनवाणी मानूस पाय आपटत न्हाई."

आता काच फुटून एखाद्याच्या पायात गेली तर बोलणी मलाच बसणार. मी घोडेगावच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. म्हणजे भांडी धुणं, भिंगं पुसणं, गुंतलेल्या तारा सोडवणं आणि पोरांनी काही फोडलं की सगळ्यात आधी ओरडणं. सरांमुळे दिवसातून दोनदा झाडू मारायचं काम वाढलं. शिनोलीच्या घरी बायको म्हणायची, इथं कधी झाडू धरला न्हाईत तो. ते खरं होतं. पण भिंगांच्या बाबतीत मला कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. माझ्या कपाटातलं एकही भिंग कधी धुरकट सापडलं नाही. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो पुढे चांगलाच आडवा आला.

सर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढाच पगार. मूळचे आहुप्याचे. घोडेगावहून एसटीत बसलं की धरणाच्या कडेकडेने वळणं घेत, जवळजवळ रस्ता संपेपर्यंत जायचं, की आहुपे. तिथली मुक्कामी गाडी सकाळी त्यांना खाली आणायची आणि संध्याकाळी वर न्यायची. एवढ्या दूरच्या गावातल्या या माणसाने पुण्यात सात वर्षं काय केलं, हे मी लोकांना सांगायचो तेव्हा लोक माझ्याच तोंडाचा वास घ्यायला पुढे सरकायचे. सर पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत एकेक अणू पकडायचे. जाळ्याने नाही, चिमट्याने नाही. उजेडाने.

मला त्यांनी समजावलं ते असं. काचेच्या एका डबीतली हवा काढून टाकायची. तिच्यात एका धातूची जराशी वाफ सोडायची. चहूबाजूंनी लेसर मारून वाफेतले अणू इतके मंद करायचे की ते रेंगाळायला लागतात. मग आणखी एका लेसरचा उजेड घडवायचा. घडवायचा हाच त्यांचा शब्द, सोनार वापरतो तसा. असा घडवायचा की त्याचे बारीक बारीक ठिपके ओळीने पडतील. रेंगाळणारा अणू ठिपक्यात आला की तिथेच बसतो.

"पर का बसतो?"

"त्याला तिथं बरं वाटतं."

"'बरं वाटतं' हे फिजिक्स झालं का, सर?"

"पुस्तकात त्याला दुसरं नाव हाय, भाऊ. अर्थ त्योच."

आणि लगेच त्यांचं ठरलेलं वाक्य: "ओढायचं न्हाई. जागा करायची." हे वाक्य ते कुठेही वापरायचे. अडकलेल्या ड्रॉवरपुढे उभे राहून म्हणायचे, आणि मी दोन्ही हातांनी खेचत असलेला तो ड्रॉवर जरा मागे सारून अलगद बाहेर काढायचे. तोंडी परीक्षेला डोंगरातला एक मुलगा बाहेरच्या परीक्षकांपुढे दातखीळ बसल्यासारखा उभा होता. सरांनी त्याच्या हातात एक भिंग दिलं, त्याच्याजवळ खुर्ची सरकवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. दोन मिनिटांनी मुलगा आपण होऊन बोलायला लागला, तो परीक्षकांनी थांबवेपर्यंत थांबला नाही. एसटीत मात्र हा मंत्र चालत नसे. तिथे सर जागा करत राहायचे, लोक बसत राहायचे आणि सर आहुप्यापर्यंत उभे.

दुसरी सवय म्हणजे थांबणं. कुठलंही दार उघडलं की उंबऱ्यावर क्षणभर उभे राहायचे. "बसू द्या," म्हणायचे. काय बसू द्यायचं, तर हवा. चहाचा कप समोर आला की त्यातली लाट थांबेपर्यंत ओठाला लावायचे नाहीत. आमच्या प्राचार्यांना वाटायचं, हा माणूस चहापुढे मनातल्या मनात स्तोत्र म्हणतो.

प्राचार्यांवरून अंड्यांचा ट्रे आठवला. एकदा सर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणि पिशवीभर शेंगदाणे घेऊन वर्गात आले. ट्रे टेबलावर ठेवला आणि मुलांना सांगितलं, लांबून दाणे टाका. नियम एकच. एका खळग्यात एक दाणा पडला तर राहू द्यायचा. दोन पडले तर दोन्ही काढायचे.

"दोन्ही का, सर?"

"दोन अणू एकाच ठिपक्यात आले की धडकत्यात आन् दोघंबी उडून जात्यात. तितं एकट्याचाच संसार."

मुलांनी मुठी भरभरून दाणे टाकले. नेमके त्याच वेळी प्राचार्य दारातून डोकावले, ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेले. दाणे काढून झाल्यावर जवळजवळ निम्मे खळगे रिकामे राहिले होते.

"आमचंबी असंच व्हायचं," सर म्हणाले. "निम्म्या जागा भरलेल्या, निम्म्या मोकळ्या. आन् आमाला तर सलग ओळ पायजे. आता काय करायचं?"

मागच्या बाकावरची एक मुलगी, तीही वरच्याच अंगाची, हळूच म्हणाली, "नांग्या भरायच्या, सर."

भाताची आवणी झाली की काही रोपं जगत नाहीत. त्या मोकळ्या जागी दुसरं रोप आणून लावतात, त्याला आमच्याकडे नांग्या भरणं म्हणतात. सर ते ऐकून खुर्चीतच बसले. बराच वेळ नुसते हसत होते.

"बरोब्बर. एकेक अणू उजेडानं उचलायचा आन् मोकळ्या जागी नेऊन ठेवायचा. पुण्यात आमी ह्याला हातभर लांब इंग्रजी नाव द्यायचो. सगळ्या पोरांत मी एकटा भाताच्या खाचरातला, पर मलाबी ह्यो शब्द सुचला न्हाई."

त्या दिवशी मुलांनी ट्रेच्या नांग्या भरल्या. उरलेले दाणे मी खाल्ले.

एवढा गुणाचा माणूस पुणं सोडून इथे तासावर शिकवायला का आला, हे मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "पुण्यात अणू सांभाळायला लई जण हायत. आबाला सांभाळायला मी एकटा."

आबा म्हणजे त्यांचे वडील. आयुष्यभर भात आणि नाचणी केलेला, ताठ कण्याचा, कमी बोलणारा माणूस. त्यांना काचबिंदू. एक डोळा पुरता गेलेला. दुसऱ्याला नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही.

आबांचा कडकपणा सांगायला सरांकडे एक गोष्ट होती. आहुप्याच्या देवराईतून काही बाहेर न्यायचं नाही, वाळकी काडीसुद्धा नाही, असा रिवाज आहे. सर लहान असताना तिथून एक पीस खिशात घालून घरी घेऊन आले. आबांनी त्यांना हाताला धरून परत नेलं आणि म्हणाले, "जितं व्हतं तितंच ठेव." नेमकी जागा आठवेना. मग बापलेक तासभर पानं चाळत फिरले.

"सापडली?"

"आबांनी हुडकली. त्या दिवशी कळलं, एकेका वस्तूची एकेक जागा असती."

लेसर बंद करताना सर हटकून म्हणायचे, "जा आता, लई उपकार झालं." पुण्यातल्या अणूंनाही ते असंच निरोप द्यायचे म्हणे. ही सवय कुठून आली ते मला त्या पिसावरून कळलं.

याच आबांना सरांनी पुण्याहून आल्यावर मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. काळ्यावर एक पांढरा ठिपका. हा एक अणू, मी पकडलेला.

आबा म्हणाले, "मोबाइलात काय बी दिसतं. परवा त्यात मानूस उडताना बघितला." मग थोडं थांबून, "तू बघितलास का तुज्या डोळ्यानं?"

"न्हाई आबा. ते कॅमेऱ्यालाच दिसतं."

"मंग सात वर्सं कुनाच्या शब्दावर ऱ्हायलास?"

हे मला सांगताना सर हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. घाव बसला होता. आबांना त्यांच्या स्वतःच्या डोळ्याने दिसेल असं काहीतरी उजेडात बसवून दाखवायचं, आणि तेही उरलेला डोळा चालतोय तोवर. सरांनी त्या वर्षी एवढा एकच ध्यास घेतला.

अणू इथे जमणार नव्हता. पण काजळीचा कण जमेल, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या मित्राने वापरातून काढलेला एक हिरवा लेसर दिला. वारा लागू नये म्हणून माशांची काचेची पेटी आणली, अर्थात माशांशिवाय. आणि भिंग? माझ्या कपाटात एकापेक्षा एक भिंगं असताना त्यांनी आणलं ते जुन्नरच्या बाजारातलं, प्लॅस्टिकचं, ओरखडे पडलेलं. आबांच्या थेंबांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतलेलं. ते त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीत बसवलं. मी म्हणालो, "सर, चांगलं देतो की." ते म्हणाले, "नको भाऊ, हेच बरं हाय." का बरं, तेही त्यांनी सांगितलं असणार. मी तेव्हा बीकर धूत होतो.

काही आठवडे नुसती काजळी उडत होती. माझे पडदे काळे झाले. आणि एके दुपारी, पडदे ओढलेल्या त्या काळोखात, पेटीच्या मधोमध हवेत एक हिरवा ठिपका उभा राहिला. खाली दोरा नाही, वर दोरा नाही. मी आयुष्यभर भिंगं पुसली, पण उजेड कशाला तरी धरून ठेवतो हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी सरांच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, तर ते कुजबुजले, "श्वास हळू."

येत्या रविवारी आहुप्याला जायचं ठरलं. शनिवारी सामान बांधायचं काम माझ्याकडे आलं. आणि इथेच मी घोटाळा केला. ती ओरखड्यांची चकती हातात घेतली आणि माझ्या जिवाला पटेना. म्हाताऱ्याचा शेवटचा डोळा, आणि त्याला असल्या भिंगातून दाखवायचं? मी कपाटातलं सगळ्यात उत्तम भिंग काढलं, मऊ कापडाने पुसलं, नळीत नीट बसवलं आणि सरांचं भिंग माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. सरांना सांगितलं नाही. मनात म्हटलं, उद्या चकित होतील.

झालेही.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने सर ती काचेची पेटी छातीशी धरून वर गेले, अर्थात उभ्यानेच. रविवारी मीही आहुप्याला पोचलो. घराच्या आतल्या खोलीला खिडकी नव्हती. दाराला गोणपाट लावलं तशी भरदुपारी काळोखी झाली. शेजारपाजारची दहा-बारा माणसं जमली होती. सरांनी सगळ्यांना एका बाजूला बसवलं, लेसरसमोर कुणी यायचं नाही अशी ताकीद दिली, उजेड पलीकडे विटेवर पडेल असं बघितलं. आबा पाटावर बसले. काजळी त्यांनी स्वतःच चुलीवरच्या वाशाची खरवडून दिली होती.

सरांनी चिमूटभर काजळी सोडली. हिरव्या रेषेत कण चमकले आणि निघून गेले. पुन्हा सोडली. पुन्हा गेले. दहा वेळा, पंधरा वेळा. कण भिंगापुढच्या टोकदार उजेडापाशी यायचा आणि कुणी टिचकी मारावी तसा उडायचा.

"आज उजेडाचा उपास दिसतोय," शेजारचा एक जण म्हणाला. लोक हसले. आबा हसले नाहीत. ते समोर बघत बसले होते, मान जराही न हलवता, कारण मान हलली की त्यांचं ते मधलं तेवढंही जायचं.

शेवटी त्यांनी लेसर बंद केला, नळी उघडली आणि आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मी बदललं, सर," मी म्हणालो. "म्हणलं, आबांसाठी चांगलं असावं."

वाटलं, आता हा माणूस मला कड्यावरून लोटणार, आणि लोटलं तरी मी तक्रार करणार नव्हतो. पण ते नुसते खाली बसले.

"काय झालं रं?" आबांनी विचारलं.

"काय न्हाई आबा. भिंग लई चांगलं निघालं."

मग त्यांनी मला तिथेच पुन्हा सांगितलं, आणि या वेळी मी ऐकलं. अणू उजेडात बसतो. काजळीला उजेड सोसत नाही. ती काळी, एका अंगाने तापते आणि दूर फेकली जाते. चांगलं भिंग सगळा उजेड एका टोकाला आणतं, तिथे तिला थारा नाही. खराब भिंगाचा उजेड वेडावाकडा पडतो, त्याच्या मध्ये काळोखाचे बारीक खळगे राहतात. कण त्या खळग्यात बसतो आणि चहूबाजूंचा उजेड त्याला बाहेर जाऊ देत नाही.

"फुडल्या रविवारी आणू भिंग," मी म्हणालो.

आबा म्हणाले, "पावणं, आज दिसतंय. फुडल्या ऐतवारचं कुनी सांगावं?"

सरांची नजर आबांच्या मांडीवरच्या बॅटरीवर गेली. पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करायची ती बॅटरी, तोंडाशी प्लॅस्टिकचं जाड भिंग असलेली. डोळे अधू झाल्यापासून आबा ती दिवसासुद्धा हातातून सोडत नसत. मीही बघितलं आणि घाईने म्हणालो, "आबा, ती बॅटरी द्या की."

"हिला हात लावायचा न्हाई," आबा म्हणाले आणि बॅटरी पोटाशी धरली.

मी आणखी काही बोलणार, तर सरांनी माझं मनगट दाबलं. त्यांनी माझं ते उत्तम भिंग नळीतून काढून कापडात गुंडाळलं, रिकामी नळी आबांच्या हाताशी पाटावर ठेवली आणि बाजूला सरकून बसले. आबांनी नळी चाचपली. आत बोट घातलं. मोकळी होती.

"परत हाय तशी बसवून देशील?"

"देतो, आबा."

आबांनी स्वतः बॅटरीचं तोंड फिरवून काढलं.

ते भिंग नळीला ढिलं होत होतं, मी कागदाची घडी घालून बसवलं. माझ्या हातून त्या दिवशी झालेलं तेवढंच शहाणपणाचं काम. सरांनी काजळी सोडली. तिसऱ्या चिमटीला एक कण थांबला.

"आबा, दिसतंय?"

"न्हाई."

सरांनी त्यांची मान वळवली नाही. पाटच बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत राहिले.

"हां," आबा म्हणाले. मग, "हालतंय."

"आपल्या श्वासानं हालतंय."

आबांनी श्वास धरला. ठिपका स्थिर झाला. म्हाताऱ्याच्या गालावर हिरवा उजेड पडला होता.

"एकलंच हाय?"

"एकलंच. पुण्यात ह्याच्याहून लई बारीक. पर असंच."

"हेच करत व्हतास सात वर्सं?"

"व्हय आबा."

आबांनी मान न हलवता काळोखातल्या सगळ्यांना सांगितलं, "ऐका रं. माजा पोरगा हे करत व्हता." कुणी हसलं नाही. मग ते सरांना म्हणाले, "सोड आता त्याला. लई येळ धरलंय."

सर बटणाशी हात नेऊन बसले. नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून येईना. तेव्हा आबाच म्हणाले, "जा बाबा." सरांनी बटण दाबलं. मी गोणपाट काढायला उठलो, कारण माझे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते. बॅटरी सरांनी चहाच्या आधी बसवून दिली.

सर अजून तासावरच आहेत, अजून दाराबाहेर चपला काढतात, आणि मला विचाराल तर तालुक्यात त्यांच्याइतका सुखी माणूस मी पाहिला नाही. माझ्या ड्रॉवरमधलं ते ओरखड्यांचं भिंग आता सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे. ते मी पुसत नाही.

आबांचा तोही डोळा गेला. परवा आहुप्याला गेलो होतो. अंगणात पाऊल टाकलं तसं आबांनी ओळखलं. "या, चांगलं भिंग," म्हणाले. बॅटरी मांडीवर होतीच. सर आत चहा ठेवत होते. मी जवळ बसून विचारलं, "आबा, आता कसं?"

"समदा काळोख, राव," आबा म्हणाले, पण तक्रार केल्यासारखं नाही. मग माझा गुडघा चाचपून जवळ सरकले आणि आवाज खाली आणला. "पर त्यो ठिपका हाय मधोमध. जात न्हाई. आमचं येडं पोर म्हनतंय, आबा, त्याला तवाच सोडला. म्हनू दे."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. सर ऐकत होते.

"जन्मभर जितलं तितं ठेवलं, पावणं," आबा म्हणाले. "ह्यो मातर मी परत ठेवनार न्हाई."